सीझनच्या तोंडावर पाय मोडला, आता चार महिने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. भांडुपचे एक एसी मेकॅनिक, वय ४१. फेब्रुवारीत एका सोसायटीत आउटडोर युनिट उतरवताना घोड्यावरून (दुहेरी शिडीवरून) पडले. उजव्या पायाचा घोटा मोडला, ऑपरेशन झालं, प्लेट बसली. सहा आठवडे पाय टेकायचा नाही आणि चार महिने शिडी-घोडा बंद, असं डॉक्टरांनी बजावलंय. ऑपरेशनचा खर्च मेडिक्लेममधून कॅशलेस झाला. पण महिन्याचा घरखर्च ३५,०००, व्हॅनचा हप्ता ९,८००, गाळ्याचं भाडं ८,००० आणि हेल्परचा पगार १४,००० सुरूच आहे. हाताशी दीड लाखाची एफडी, एक पीपीएफ खातं आणि गिऱ्हाइकांकडे अडकलेली १,१२,००० ची उधारी. शिवाय ३४ गिऱ्हाइकांकडून वर्षाच्या सर्व्हिसिंग कराराचे पैसे आधीच घेतलेत. मित्र म्हणतो ॲपवरून पर्सनल लोन काढ, पत्नी म्हणते व्हॅन विकू, आणि त्यांनी स्वतः विचारलंय की जीएसटी नंबर बंद करून सगळं मिटवून ठेवू का.

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. मिटवून ठेवू नका. तुमचा पाय मोडलाय, धंदा मोडलेला नाही. मी गेली २३ वर्षं दादरला छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि रिटर्न बघते. शिंपी, फोटोग्राफर, प्लंबर, क्लासवाले, डबेवाल्या मावश्या, सगळ्यांवर अशी वेळ आलेली पाहिली आहे. त्यात जे बुडाले त्यांतले बहुतेक दुखण्याने बुडाले नाहीत. पहिल्या महिन्यात गप्प बसले आणि दुसऱ्या महिन्यात चुकीच्या जागेवरून पैसे उचलले, म्हणून बुडाले.

काळाचौकीच्या एका ताईंचं सांगते. ब्लाउज शिवायच्या. दसऱ्याच्या आधी बाथरूममध्ये घसरून उजवं मनगट मोडलं. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा बरोबर दोन मोठ्या कापडी पिशव्या होत्या. आत प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी थैली, थैलीत मापाचा ब्लाउज, नवं कापड, आणि टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर तारीख. निम्म्या तारखा उलटून गेल्या होत्या. तीन आठवडे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक तुटेल ही भीती. फोन आला की ‘परवा देते’. शेवटी बायका दारात येऊन उभ्या राहिल्या आणि अकरा थैल्या न शिवता परत गेल्या. मग आम्ही बसून उरलेल्यांना एकेक फोन केला. शेजारच्या चाळीतली एक मुलगी मशीनवर बसायला तयार झाली. ताई शेजारी स्टुलावर बसून माप घ्यायच्या, कुठे टीप कमी, कुठे दाब जास्त ते सांगायच्या. शिलाईतले साठ टक्के मुलीचे, चाळीस ताईंचे. दिवाळी निघाली. पण ते तीन आठवडे आणि त्या अकरा बायका परत आल्या नाहीत.

म्हणून पहिलं काम आजच करा. ३४ करारवाल्या गिऱ्हाइकांना आणि नेहमीच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना एकच सरळ मेसेज पाठवा. पाय मोडलाय, जूनपर्यंत मी स्वतः येणार नाही, पण सर्व्हिसिंग ठरल्या वेळी होईल, फोन माझ्याच नंबरवर करा. एवढंच. लोक समजून घेतात. न सांगितलेलं मात्र लक्षात ठेवतात.

आता तुमच्या कामाचे दोन भाग करून बघा. एक हातापायाचा: युनिट उतरवणं, जेट मारणं, गॅस भरणं, कॉम्प्रेसर बदलणं. दुसरा बसून करायचा: फोन घेणं, कॉल लावणं, ‘आवाज कसा येतोय, व्हिडिओ पाठवा’ म्हणून बिघाड ओळखणं, कोटेशन देणं, सामान मागवणं, बिल करणं, उधारी वसूल करणं. पहिला भाग चार महिने बंद. दुसरा भाग तुम्ही पलंगावर पाय उशीवर ठेवून करू शकता, आणि सीझनमध्ये खरी किंमत त्याचीच असते. तुमच्याच लाइनमधला, कामाला चांगला पण गिऱ्हाइकं कमी असलेला कुणीतरी तुम्हाला माहीत असणार. त्याला तुमच्या हेल्परबरोबर पाठवा. सामान आणि गॅसचा खर्च वजा करून जी मजुरी उरेल त्यातली साठ टक्के त्याची, चाळीस तुमची. हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: वाटा किती, कोणत्या तारखेपर्यंत, पुन्हा बिघाड आला तर कुणी जायचं, आणि बिल तुमच्याच नावाने निघणार. गिऱ्हाइकांची यादी त्याच्या हातात देऊ नका. रोजचे कॉल रोज सकाळी द्या. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही, फोन तुमच्याकडे राहिला तर जूनमध्ये धंदाही तुमच्याकडेच असतो.

हेल्परला कमी करायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. त्याला प्रत्येक सोसायटीचा वॉचमन ओळखतो, कुठल्या घरात खिडकीचं ग्रिल कसं उघडतं ते ठाऊक आहे. तो दुसऱ्याकडे गेला की त्याच्यामागे गिऱ्हाईकही जातं.

आकडे मांडू. तुमचा महिन्याचा एकूण खर्च ६६,८००. सीझनमध्ये दिवसाला पैसे देणारे चार कॉल, सरासरी ६०० मजुरी आणि २५ दिवस धरले तर ६०,०००. तुमचा वाटा २४,०००. महिन्याला कमी पडतात ४२,८००, चार महिन्यांत १,७१,२००. आणि एक खर्च तुम्ही धरलेला नाही. करारवाल्यांची प्रत्येकी एक तरी सर्व्हिसिंग या काळात येईल. त्यांचे पैसे आधीच खर्च झालेत, पण करणाऱ्याला त्याचे साठ टक्के, म्हणजे ३६०, द्यावेच लागतील, म्हणजे आणखी १२,२४०. समोर उधारी आहे १,१२,०००. ती सगळी आली तर खड्डा उरतो साधारण ७०,००० चा. हा आकडा कागदावर लिहून वहिनींना दाखवा. दोन-अडीच लाखांची जी भीती घरात बसलीये ती खरी तर सत्तर हजारांची आहे, आणि सत्तर हजारांसाठी व्हॅन विकायची नसते. व्हॅन गेली तर कॉल कशावर जाणार? फक्त जो चालवणार त्याचं लायसन्स बघा आणि गाडीचा विमा चालू असल्याची खात्री करा.

उधारी हा सगळ्यात स्वस्त पैसा. त्यावर व्याज नाही, हमी नाही. तुम्ही लोक मागायला लाजता, कारण पुढचं काम जाईल असं वाटतं. आता लाजायचं कारण उरलेलं नाही. ‘ऑपरेशन झालंय, मागचं बिल या आठवड्यात मिळालं तर मोठी मदत होईल’ हे वाक्य मी कित्येकांना बोलायला लावलंय आणि त्याने पैसे येताना पाहिलेत. सोसायट्यांकडे आणि ऑफिसांकडे अडकलेलं असेल तर तुमची उद्यम नोंदणी आहे का बघा. ती ऑनलाइन आणि मोफत होते. सूक्ष्म व लघु उद्योगांचं देणं लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज लागतं, असा २००६ चा कायदा आहे. पण त्याचा धाक नोंदणीनंतरच्या बिलांना जास्त चालतो, म्हणून नोंदणी आजच करून टाका.

आता विमा. इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. कारखान्यातला कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) असेल तर आजारपणात त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या साधारण ७० टक्के मिळतात. कामावर जखमी झाला आणि तात्पुरता कामाला येऊ शकला नाही तर ९० टक्के. स्वतःचा धंदा करणाऱ्याला आपल्याकडे अशी सोय नाही. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, घरचा किराणा भरत नाही.

२० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तुमच्या बँक खात्यातून मे महिन्यात कापली जात असेल. ती चालू ठेवा. अपघाती मृत्यू आणि पूर्ण कायमच्या अपंगत्वाला २ लाख, एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख. पण चार महिन्यांत बऱ्या होणाऱ्या घोट्याला त्यातून काही मिळत नाही. व्हॅनच्या विम्यातलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षणही गाडीच्या अपघातापुरतं, आणि तेही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. एलआयसीच्या पॉलिसीला अपघात रायडर (जोड संरक्षण) असेल तर त्याचंही तसंच.

तात्पुरत्या बंदीला पैसे देते ती वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी, आणि तीही तिच्यात ‘तात्पुरतं पूर्ण अपंगत्व’ हे कलम घेतलेलं असेल तरच. तिच्यात साधारणपणे विमा रकमेच्या १ टक्का दर आठवड्याला मिळतो, १०० किंवा १०४ आठवड्यांपर्यंत, वर दर आठवड्याची एक कमाल मर्यादा. तुम्ही म्हणता माझ्याकडे अशी पॉलिसी नाही. तरी एकदा शोधा. व्हॅनचं कर्ज घेताना बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कर्जाच्या रकमेतूनच एखादा ‘कर्ज संरक्षण’ विमा दिलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या लोकांपैकी बऱ्याच जणांना तो आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं. मंजुरीपत्र काढा, पहिल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये विम्याच्या नावाने काही कापलंय का बघा. काही पॉलिसींमध्ये अपघाताने काम बंद पडल्यास तीन-चार हप्ते विमा कंपनी भरते. मेडिक्लेमसोबत ‘हॉस्पिटल कॅश’ घेतलं असेल तर दाखल असलेल्या दिवसांचे पैसे वेगळे मिळतात, तेही लोक मागायचे राहतात.

काही सापडलं तर कंपनीला ताबडतोब लेखी कळवा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल. त्या प्रमाणपत्रावर ‘विश्रांतीचा सल्ला’ एवढंच असून भागत नाही, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत एसी दुरुस्तीचं काम करण्यास असमर्थ, असं स्पष्ट लिहून घ्या. दर फॉलोअपला तारीख वाढली तर नवं प्रमाणपत्र. दावा चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही.

यातूनच एक गोष्ट निघते, ती मला तळमळीने सांगावीशी वाटते. साप्ताहिक भरपाई देताना विमा कंपनी तुमची रिटर्न मागते. कर्ज देताना बँकही मागते. आणि आपले लोक वर्षानुवर्षं सहा-सात लाख कमावून रिटर्नमध्ये अडीच लाख दाखवतात. मग अपघात झाला की कंपनी म्हणते, तुमचं उत्पन्नच एवढं, भरपाई त्या मानाने. तिथे मी कितीही भांडले तरी कागद माझ्याविरुद्ध असतो. पूर्वी निदान कर वाचायचा. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, धंद्याच्या उत्पन्नालाही. आता कमी दाखवून तुम्ही कुणाचे पैसे वाचवता? खरं उत्पन्न दाखवा. बँकेतून, यूपीआयने पैसे घ्या. तुम्ही आजारी पडलात तर बोलणारा साक्षीदार तेवढाच एक कागद असतो.

मेडिक्लेमचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे, ते कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका. मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते हे खरं, पण वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्याला त्या मधल्या दिवसांत आजार झाला तर दावा मिळत नाही. आणि पॉलिसी बंद पडली तर जुन्या आजारांच्या प्रतीक्षा काळाची तुमची सगळी वर्षं वाया जातात. एकरकमी जड जात असेल तर महिन्याचा किंवा तिमाहीचा हप्ता मिळतो का विचारा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भारही कमी झालाय.

तुमचं ऑपरेशन कॅशलेस झालं म्हणून तुम्ही सुटलात. ज्यांच्याकडे मेडिक्लेम नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसकट राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण ती यादीतल्या हॉस्पिटलमध्ये, यादीतल्या उपचारांना आणि कॅशलेसच मिळते, म्हणून दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. बिल भरून नंतर पैसे परत मागायला गेलात तर हात हलवत यावं लागतं. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालयं आहेतच, आणि धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवाव्या लागतात.

आता उरलेले ७०,०००. कुठून आणायचे यावर चार महिन्यांत किती फरक पडतो ते बघा. एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागेल तेवढं कर्ज) घेतला तर एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त लागतं. ८ टक्के धरा, चार महिन्यांचं व्याज १,९०० च्या आत, आणि तुमच्या एफडीवरचं व्याज सुरूच. सोनं तारण ठेवलं, १० टक्के धरलं, तर साधारण २,३००. क्रेडिट कार्डवर महिना साडेतीन टक्के, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी: साडेअकरा हजार. आणि ‘महिना पाच टक्क्याने’ देणारा गल्लीतला माणूस: १४,०००, मुद्दल तसंच उभं. परवान्याशिवाय सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण गरजवंत माणूस पोलिसात जात नाही हे त्यालाही ठाऊक असतं.

तुमच्याकडे एफडी आहे, तेव्हा तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट घ्या आणि एकदम सत्तर हजार उचलू नका. ज्या महिन्यात जेवढे कमी पडतील तेवढेच, व्याज तेवढ्यावरच. पीपीएफला सध्या हात लावू नका. फक्त या आर्थिक वर्षाचे किमान ५०० रुपये भरलेत का बघा, ३१ मार्च जवळ आलाय, खातं निष्क्रिय होऊ देऊ नका. खातं उघडल्याचं वर्ष सोडून पाच वर्षं झाली असतील तर चार वर्षांपूर्वीच्या शिलकीच्या अर्ध्यापर्यंत रक्कम काढता येते, ती सोय पाठीशी असू द्या. भिशीत असाल तर भिशीचालकाला सांगून नंबर अदलाबदल करून मागा. पतपेढीचे सभासद असाल तर तिथे आकस्मिक कर्ज मिळतं का विचारा, आणि पिग्मी भरत असाल तर एजंटला सांगून चार महिने रक्कम कमी करा.

ॲपवरचं कर्ज काढायचंच झालं तर आधी बघा, पैसे देणाऱ्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं नाव आणि सगळा खर्च सांगणारं ‘मुख्य तथ्य विवरण’ दाखवतंय का. तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो मागितले तर तिथेच थांबा. ते नंबर तुमच्या गिऱ्हाइकांचे आहेत.

व्हॅनचा हप्ता. तो चुकण्याआधी बँकेत जा, चुकल्यावर नाही. तुम्हाला जाता येत नसेल तर वहिनींना पाठवा. अर्ज साधा: अपघात, ऑपरेशन, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, विनंती ही की तीन महिने फक्त व्याज भरू द्यावं किंवा मुदत वाढवून हप्ता कमी करावा. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. बँक ऐकेलच असं नाही, तिच्यावर सक्तीही नाही. पण शिक्क्याची प्रत पुढे फार कामाला येते. हप्ता न सांगता परत गेला तर दोन्हीकडून दंड लागतो, क्रेडिट रेकॉर्ड बिघडतं, आणि ऑटो-डेबिट परत जाणं कायद्याने चेक परत जाण्यासारखंच धरलं जाऊ शकतं. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमकी आली तर तारीख-वेळ टिपून ठेवा.

एक मात्र लक्षात असू द्या, पुढे ढकललेला हप्ता माफ होत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी १ मार्च ते ३१ ऑगस्ट अशी सहा महिन्यांची हप्त्यांची सवलत दिली होती तेव्हा बऱ्याच लोकांना ती सुटी वाटली. व्याज चालू होतं आणि पुढे कर्जाची मुदत वाढलेली दिसल्यावर ते माझ्याकडे कागद घेऊन आले. म्हणून कॉल चांगले लागले आणि उधारी आली तर हप्ता भरतच राहा, सवलत मागून ठेवा पण गरज पडली तरच वापरा.

गाळ्याच्या मालकाशीही बोला. मुंबईत डिपॉझिट मोठं असतं, दोन महिन्यांचं भाडं त्यातून वळतं करून नंतर भरून देतो असं म्हटलं तर बरेच मालक ऐकतात, कारण चांगला भाडेकरू जाऊ नये असं त्यांनाही वाटतं. मान्य झालं तर मेसेजवर लिहून घ्या. मुलांच्या शाळेत फीचे तुकडे करून मागा.

जीएसटी. नंबर चालू ठेवा. बिलं तुमच्या नावाने निघणारच आहेत, त्यामुळे रिटर्न शून्य असणार नाही. एखाद्या महिन्यात खरंच विक्री-खरेदी काहीच झाली नाही, तरी शून्य रिटर्न भरावंच लागतं. ते नोंदलेल्या मोबाइलवरून १४४०९ ला एसएमएस करूनही जातं. विसरलात तर शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये, व्यवहार असेल तर ५० रुपये विलंब शुल्क. सलग सहा महिने राहिलं तर ते लोकच नोंदणी रद्द करू शकतात. उलट तुम्ही स्वतः रद्द करायला गेलात तर शेवटचं वेगळं रिटर्न, शिल्लक मालाचा हिशेब आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून नोंदणी. ज्या ऑफिसांना जीएसटीचं बिल लागतं ती तोवर दुसरीकडे गेलेली असतील.

पाय बरा होत आला की एक वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, साप्ताहिक भरपाईच्या कलमासह. अर्ज भरताना एजंट घाईत व्यवसाय ‘दुकानदार’ लिहील. थांबवा त्याला. उंचीवर चढून एसी बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो, असंच लिहा. घोट्याची प्लेटही लिहा. हप्ता थोडा जास्त लागेल, पण दावा उभा राहील.

आणि जूनबद्दल. डॉक्टरांनी चार महिने सांगितलेत म्हणजे तुमची तारीख नेमकी पहिल्या पावसात येते. पाय मोकळा झाल्यासारखा वाटेल, कॉलही असतील. पण ओल्या छज्ज्यावर प्लेट घातलेला पाय ठेवायची ती वेळ नाही. पहिला पावसाळा जमिनीवरची कामं तुम्ही घ्या, चढायचे कॉल त्या जोडीदारालाच द्या, साठ-चाळीसचा मेसेज जूनऐवजी सप्टेंबरपर्यंतचा करून ठेवा.